वहिनी तारेवरून उतरली तेव्हा

सकाळी चहाच्या वेळेला फोन वाजला की मी आधी उचलत नाही, आधी संशय घेते. या वयात सकाळचा फोन चांगल्यासाठी येत नाही. त्या दिवशी मिलिंदचा होता, माझ्या भावाच्या मुलाचा, यवतमाळहून. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, कशी? तर म्हणे खुर्चीत बसल्या बसल्या, चहा अर्धा राह्यला. मला ते पटेना. मी म्हटलं, "नीट पाह्य रे बाबा, ती डोळे मिटून बसत असते बरेचदा." तो म्हणाला, "आत्या, डॉक्टर येऊन गेले." तरी आर्णीहून गाडीत बसताना माझ्या मनात होतंच की मी पोचेपर्यंत ती उठून बसली असेल आणि मलाच विचारेल, "कायले आल्या व ताई एवढ्या उन्हाच्या?"

माधवी वहिनी सत्त्याऐंशीच्या आसपास असेल. नक्की वय तिलाही माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही याचाही आमच्या घरात एकेकाळी संशय घेतला गेला होता. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मी आत शिरताना शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई दुसरीला सांगत होत्या, "सर्कसवाली गेली." साठ वर्षांहून जास्त काळ ती त्या गल्लीत राहिली. तिथल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज तिनं शिवले, पोरींना शिवण शिकवलं, आणि जाताना नाव काय, तर सर्कसवाली. मला राग आला नाही. या नावाची सुरुवात आमच्याच घरातून झाली होती.

माझ्या लहानपणी यवतमाळला दर एक-दोन वर्षांनी सर्कस यायची, कापूस निघून लोकांच्या हाती चार पैसे आले की. सामान शकुंतलेनं यायचं, म्हणजे मूर्तिजापूरहून येणाऱ्या त्या लहान गाडीनं. हत्ती मात्र रस्त्यानं पायी यायचे. सगळं गाव बघायला धावायचं आणि सगळं गाव दारंही लावून घ्यायचं. सर्कसवाले पोरं पळवतात, हे आम्हाला कोणी सांगावं लागायचं नाही. सर्कस मैदानात असेपर्यंत मोकाट गाढवं कमी होतात, असंही लोक म्हणत, आणि वाघाची डरकाळी आली की एकमेकांकडे बघत. आमची माय, म्हणजे माझी आई, बकरी घरात आणून बांधायची. तिकीट काढून सर्कस बघायला जायची, आणि परत आल्यावर आधी बकरी मोजायची, बकरी एकच असली तरी.

माझा भाऊ मनोहर शिंपीकाम करायचा. वडील आधीच गेले होते, त्यामुळे घर दादाच्या मशीनवर चालायचं. त्या वर्षी वाऱ्यानं सर्कसचा तंबू फाटला आणि दादाला बोलावणं आलं. तंबूचं कापड मशीनवर बसत नाही. ते जमिनीवर पसरून, दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन हातानं शिवावं लागतं. दादा रोज जेवणाचा डबा घेऊन जायचा आणि तंबूत मांडी घालून शिवत बसायचा. वर तारेवर एक मुलगी छत्री घेऊन सराव करायची. जाहिरातीच्या कागदावर तिचं नाव 'मिस रोझी' होतं. तंबू शिवून झाला, सर्कस पुढच्या गावाला निघाली आणि मिस रोझी मागेच राहिली. आमच्या घरी.

"म्या तं वर पाह्यलंच नाही," दादा मायला सांगत होता. "मान खाली घालून शिवत होतो."

"वर पाह्यलं नाही तं लग्नापर्यंत गोष्ट गेली कशी?" माय म्हणाली.

आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. घरातले देव मायनं स्वतः उचलून नेले होते, आणि आता कोणाची जात विचारायची नाही हेही तिनंच आम्हाला बजावलं होतं. म्हणून तिनं त्या मुलीची जात विचारली नाही. जात सोडून बाकी सगळं विचारलं. खरं नाव काय? माधवी. मग रोझी काहून? ते कागदावरचं. गाव कोणतं? केरळात, तलश्शेरीकडे. मायबाप? त्यांनी लहानपणीच मास्टरांकडे दिलं, म्हणजे सर्कसमध्ये शिकवणाऱ्या म्हाताऱ्याकडे. दिलं की त्यानं पळवलं? यावर ती मुलगी हसली. माय मला म्हणाली, "जिले दोन नावं, तिच्यावर भरवसा ठेवू नाही." पंचशील म्हणून लग्न लागलं. एकेक शील म्हणताना तिची जीभ पालीत चांगली वळत होती. 'मुसावादा'पाशी मात्र ती अडखळली. खोटं न बोलण्याचं ते शील. मायनं माझ्या दंडाला चिमटा काढला, "पाह्यलं?"

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते, वहिनीपेक्षा थोडी लहान. नणंद म्हणून मला एक काम आपोआप मिळालं होतं, लक्ष ठेवण्याचं. लक्ष ठेवण्यासारखं बरंच होतं. ती विहिरीवरून दोन घागरी आणायची आणि पाण्याचा थेंब सांडायचा नाही. गल्लीतल्या बाया म्हणत, हे काही सरळ बाईचं चालणं नाही. ती भाकरी पंधरा दिवसांत शिकली. इतक्या लवकर कशी शिकली, हाही प्रश्नच होता. वऱ्हाडी तर तिनं अशी उचलली की पुढच्या वर्षी बाजारात भाव करताना 'कायले व' आणि 'काहून व' ती आमच्यापेक्षा ठसक्यात म्हणायची. मिलिंद झाला तेव्हा मायला वाटलं, आता ही बांधली गेली. पण मैदानावर कोणतीही सर्कस आली की माय दुपारची उंबऱ्यात येऊन बसायची, पाय पसरून. बाहेर जायचं तर तिचे पाय ओलांडून जावं लागायचं.

मिलिंद तीनेक वर्षांचा असेल, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी दादाच्या दुकानापुढे एक वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. केस कलप लावून काळे केलेले, पायात पांढरे कापडी बूट. वहिनी दुकानात काज करत होती. तिनं वर पाहिलं, सुई तशीच कापडात खोचली आणि उठून त्याच्या पाया पडली. हेच ते मास्टर. मग दोघं त्यांच्या भाषेत बोलत सुटले, डब्यात खडे घालून हलवावेत तसं ते आम्हाला ऐकू यायचं. मध्येच वहिनी मोठ्यानं हसली. इतक्या वर्षांत ते हसू आम्ही ऐकलं नव्हतं. मी घरी येऊन मायला सांगितलं. मायनं विचारलं, "मनोहर काय करत होता?" मी म्हटलं, "चहा सांगत होता." माय म्हणाली, "तो तं येडाच हाय."

पुढच्या काही दिवसांत आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस आली. दुकान झाडताना मशीनखाली गुलाबी साटीनचे तुकडे सापडले, आणि चमकणाऱ्या टिकल्या. आमच्या वस्तीत साटीन कोणी घालत नव्हतं. मी दादाला विचारलं, हे कोणाचं? तो म्हणाला, "गिऱ्हाइकाचं." कोणतं गिऱ्हाईक? तो तोंडात दोरा धरून मशीन चालवू लागला. मला खात्रीच झाली की दादाचं बाहेर कुठंतरी काहीतरी आहे. आता दोघांवर लक्ष ठेवायचं म्हटल्यावर मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या अभ्यासालाही वेळ उरेना.

आणि एका सकाळी वहिनी घरात नव्हती. तिचं पातळ दोरीवर वाळत होतं, ट्रंक जागेवर होती, मिलिंद झोपलेला. दादा शांतपणे दाढी करत होता. "येईल," म्हणाला. कुठे गेली? "येईल म्हटलं ना." दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. कोणीतरी सांगितलं की पहाटेच्या गाडीत ती त्या कलपवाल्या म्हाताऱ्याबरोबर बसली. कोणी सांगितलं की वणीच्या जत्रेत सर्कस लागली आहे. बाया सांत्वनाला आल्या. त्यांच्या तोंडावर दुःख होतं आणि डोळ्यांत 'आम्ही म्हटलंच होतं'. माय कोणाशी बोलली नाही. दादा जेवून दुकानात गेला, तेव्हा तिनं त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला उठवलं आणि मिलिंदला अंघोळ घालून नवा सदरा घातला. "आपण वणीले जाऊन राह्यलो," म्हणाली. "लेकरू दाखवलं की येते बाई. आणि नाही आली तं तोंडावर विचारून येतो."

करंजी, मारेगाव करत गाडी वणीला पोचली तेव्हा तोंडात धूळ बसली होती. जत्रेत बैलांचा बाजार भरलेला, सगळीकडे माणसं. तंबू लांबूनच दिसला. मायनं गेटवर 'माझी सून आत आहे' म्हणून सांगून पाहिलं. गेटवाला हसला. मग तिनं तिकिटं काढली, सगळ्यात स्वस्त, मागच्या फळ्यांवरची. दुपारचा खेळ होता. घोडे झाले, सायकलवाले झाले, जोकर झाला. मिलिंद टाळ्या पिटत होता. मी मिनिटामिनिटाला सगळ्या पडद्यांकडे बघत होते. मायनं वर पाहून झटकन एक ठिगळ ओळखलं. "हे मनोहरनं लावलं," म्हणाली, जणू तंबूनंच गुन्हा केला होता.

मग बँड थांबला आणि लाउडस्पीकरवर आवाज आला, मिस रोझी.

ती शिडीवरून वर गेली. गुलाबी साटीनचा पोशाख, टिकल्या, हातात छत्री. मी मायच्या मांडीवर हात दाबला. माझ्या डोक्यात त्या मशीनखालच्या चिंध्या आल्या, पण तेव्हा त्यांची जुळणी करायला वेळ नव्हता. वहिनीनं तारेवर पाय ठेवला. खाली जाळं नव्हतं, नुसती माती आणि लाकडाचा भुसा. आमच्या घरात ती पदर सावरून, नजर खाली ठेवून चालायची. वर ती मान ताठ ठेवून समोर बघत होती, आणि कोणालाच घाबरत नव्हती. ती मधोमध आली, वाकली, एका पायावर उभी राहिली. सगळा तंबू गप्प झाला. आणि माझ्या शेजारी मिलिंद उभा राहिला. त्यानं ओळखलं होतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला, 'आई' म्हणून ओरडायला...

मायनं त्याच्या तोंडावर हात दाबला. असा घट्ट, की त्याचे डोळे मोठे झाले. "चूप," ती त्याच्या कानात म्हणत होती, "चूप माह्या राजा, तिनं खाली पाह्यलं तं पडन ते." दुसरा हात तिनं त्याच्या छातीला आवळला होता आणि स्वतः वर बघत होती. तिचे ओठ हलत होते. मी जवळ कान नेला. ती "सरळ जाय व माय, सरळ जाय," म्हणत होती. वहिनी पलीकडच्या टोकाला पोचली तेव्हा तंबू टाळ्यांनी फुटला. मायनं हात काढला आणि मिलिंद रडायला लागला. त्याच्या गालावर बोटं उमटली होती.

खेळ संपल्यावर आम्ही मागे गेलो. या वेळी गेटवाल्यानं अडवलं नाही. मायचा चेहराच तसा होता. वहिनी एका पेटीवर बसून पाणी पीत होती. आम्हाला पाहून उठली, मिलिंदला घेतलं. वाटेत मी तयार करून दिलेली सगळी वाक्यं मायला पाठ होती, तिची स्वतःचीही होती. त्यातलं एकही ती बोलली नाही. ती पुढे झाली, वहिनीच्या पोशाखाची बाही उलटी केली आणि आतली शिवण पाहिली. बोटानं टाका चाचपला.

"हा तं मनोहरचा हात हाय."

"त्यायनंच शिवला," वहिनी म्हणाली. "मास्टरच्या पोरीचा पाय मुरगळला. जत्रेपुरतं ये म्हणले. मी त्यायले विचारलं, त्यायनं हो म्हटलं."

"मंग मले कोणी काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी जाऊ देलं असतं, माय?"

माय पेटीवर बसली. "म्हंजे घरात मी एकटीच येडी," म्हणाली. मास्टरांनी चहा आणवला. तिनं तो हुंगून बाजूला ठेवला आणि त्यांनाच विचारलं, "खाली जाळं काहून नाही?" मास्टर हिंदीत समजावू लागले, "अम्मा, तारवाले खेल में जाली नहीं लगाते." "नाही लावत तं लावा," माय म्हणाली. "माझी सून हाय ते, तुमची मिस नाही." जाळं शेवटी लागलं नाही. पण प्रत्येक खेळाला चार माणसं ताडपत्री धरून खाली उभी राहू लागली. लोकांना वाटायचं, तो खेळाचाच भाग आहे. जत्रा संपेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. पाळत ठेवायला, असं माय म्हणायची. रोज दुपारी मिलिंदला घेऊन ती पुढच्या खुर्चीत बसायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं बाजूच्या बाईला सांगितलेलं मी ऐकलं, "आता पाह्यजा, आता एका पायावर होते ते."

यवतमाळला परतलो तेव्हा गल्ली दारात उभी होती. "आणली का?" कोणीतरी विचारलं. "आणली म्हंजे?" माय चालता चालता म्हणाली, "कामाले गेलती." आणि घरात शिरून आधी दादाला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

त्यानंतर वहिनी तारेवर चढली नाही. दादाशेजारी दुसरं मशीन लागलं. माझं लग्न होऊन मी आर्णीला आले, शाळेत लागले. सर्कशी येत राहिल्या, मग कमी झाल्या. पुढे प्राणी गेले, आणि मैदानावर घरं उठली. माय गेली, काही वर्षांमागे दादा गेला. पण माझ्या मनातली एक शंका कधी गेली नाही. त्या दिवशी आम्ही वणीला गेलो नसतो तर ती परत आली असती का? मी तिला किती वेळा विचारलं असेल! कधी ती म्हणायची, "आली असती ना, जाईन कुठं?" कधी म्हणायची, "तुमाले भाजीत तिखट चालते का व आता?" प्रत्येक वेळी उत्तर वेगळं, आणि वेगळं उत्तर देणाऱ्या माणसाचा संशय घ्यावा हे मला मायनं शिकवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आमची शेवटची भेट झाली. दोघी अंगणात उन्हाला बसलो होतो. मी पुन्हा तेच विचारलं, सवयीनं. ती वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "नसती आली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मास्टर म्हणले, वणीहून चांदा, मंग हैदराबाद. मी हो म्हटलं होतं. तुमचा संशय खरा होता, ताई."

"आणि मिलिंद?"

"त्याचंच ठरत नव्हतं. मागून न्यावं का इथंच राहू द्यावं... रोज ठरवलं, रोज मोडलं."

"दादाले माहीत होतं?"

"त्यायनं पोशाख दोन शिवले होते," म्हणाली. "जत्रेपुरतं जायचं तं एक पुरला असता. दुसरा त्यायनं घडी करून माझ्या पिशवीत खाली ठेवला. बोलले काही नाही. तेव्हाच मले समजलं का हा माणूस मले जाऊ देऊन राह्यला."

"मंग आली काहून?"

"तारेवर असलं का लोकायले वाटते आमाले खालचं दिसत नाही. सगळं दिसते. तुमी तिघं मले पहिल्या पावलालेच दिसले. मिलिंद उठला तेही दिसलं. मी मनात म्हटलं, आता हा वरडते, आणि मी जाते. तेवढ्यात मायचा हात दिसला." तिनं एक शेंग फोडली. "ते बाई मले चोर समजे, ताई. लग्नाच्या दिवसापासून. पण मी पडू नाही म्हणून तिनं नातवाचं तोंड दाबलं. मले वाटलं, जिच्या मनात एवढं वाकडं हाय ते जर मले पडू देत नाही, तं मंग मी चालले कुठं?"

साठ वर्षं मी जो संशय बाळगला तो खरा निघाला होता, आणि खरा निघूनही मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. जाताना ती म्हणाली, "लिहाचं असन तं लिहा. पण मी गेल्यावर. आणि मिलिंदले आधी सांगा."

तेराव्यासारखं आमच्यात काही नसतं. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना, झालं, लोक पांगले, तेव्हा मी मिलिंदला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साठी ओलांडलेला माणूस तो, पण मला भीती वाटत होती. आई आपल्याला सोडून जाणार होती, हे कोणत्याही वयात ऐकायला सोपं नाही. तो जमिनीकडे बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले सर्कस आठवत नाही, आत्या. आई वर होती हेही आठवत नाही. पण आजीचा हात आठवते. कांद्याचा वास येत होता." आणि उठता उठता, "आली ना पण ते. बस झालं."

मध्यंतरी माझं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हा वहिनीनं मला काही महिने यवतमाळला ठेवून घेतलं होतं. डॉक्टरांनी काठी दिली, चालायला तिनं शिकवलं. चपला काढायला लावायची. म्हणायची, "टाच नका टाकू, ताई. अंगठा पुढं करा. आधी जमिनीले विचारा, मंग वजन द्या." मी चिडायचे. म्हणायचे, घरातल्या जमिनीला काय विचारायचं, ती काय कुठे पळून चालली? ती म्हणायची, "विचारून तं पाहा." आणि माझ्यापुढे उलटी चालत राहायची, हात पुढे करून, मला न धरता.

काल इथे, आर्णीला, ओट्यावर तूर वाळत घातली होती ती गोळा करायला निघाले. ऊन डोळ्यांवर आलं आणि पायरी दिसेना. मी थांबले. सून आतून म्हणाली, "आई, थांबा, मी येते." पण तोवर उजव्या पायाचा अंगठा आपणहून पुढे सरकला होता, खाली चाचपडत होता. पायरी लागली. मी वजन दिलं आणि उतरले.